अजगराच्या पाटीवरचा कंस

सरकारी कचेरीत वीस वर्षं काढली की डोळ्यांना एक खोड लागते. समोर कागद आला की मजकूर नंतर दिसतो. आधी दिसते तारीख, मग सही, मग शिक्का आणि कुठे कंस असेल तर तो कंस. कारण सगळा घोळ बहुधा त्या कंसातच असतो, हा आम्हां कारकुनांचा अनुभव.

गेल्या जानेवारीत एका प्रशिक्षणासाठी दहा दिवस भोपाळला होतो. गोवा एक्स्प्रेसने निघालो, दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर उतरलो आणि गोव्याच्या माणसाला जी थंडी फक्त पुस्तकात माहीत असते ती अंगावर घेतली. वर्गात एका गृहस्थांशी ओळख झाली. मूळ कोकणातलं घराणं, पण चार पिढ्या भोपाळात गेलेल्या. त्यांचं मराठी ऐकायला मोठं गोड, मध्येच हिंदीचं वळण घेणारं. रविवारी म्हणाले, "चला, तुम्हाला आमचा तलाव दाखवतो." मोठ्या तलावाच्या काठाने ते मला वनविहारात घेऊन गेले. वाघ पाहिला, अस्वलं पाहिली आणि शेवटी सापांपाशी आलो.

काचेपलीकडे एक अजगर वेटोळं घालून पडला होता. मुलं "अरे, नकली आहे" म्हणत काच ठोकत होती. तो ढिम्म. मी मात्र पाटी वाचत होतो. वर हिंदीत 'अजगर' आणि खाली शास्त्रीय नाव: पायथन मोल्युरस (लिनियस, 1758). मी विचारलं, "लिनियस कंसात का हो?" सोबती हसले. म्हणाले, "कमाल आहे तुमची! लोक अजगर बघायला येतात, तुम्ही कंस बघता!"

पण तो कंस माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. परत आल्यावर वाचत गेलो, आणि एका कंसाने मला कुठून कुठे नेलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

प्राणिशास्त्रात एखाद्या जातीच्या नावापुढे ती जात पहिल्यांदा रीतसर मांडणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. मात्र त्याने ती ज्या घराण्यात घातली ते घराणं पुढे बदललं, तर त्याचं नाव कंसात जातं. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या नावाला कंस करतात, त्यातलाच हा प्रकार. नाव पुसायचं नाही, पण मध्ये काही घडलं आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. शास्त्रज्ञ आणि तलाठी यांचं इतकं जमत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तर झालं असं. स्वीडनच्या लिनियसने 1758 साली आपल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत आपल्या अजगराला 'कोल्युबर मोल्युरस' असं नाव दिलं. कोल्युबर म्हणजे लॅटिनमध्ये साप. लिनियसचा हा कप्पा भलताच मोठा होता. आपला नागही त्याने त्यातच टाकला होता. पोटाखालचे पट्टे मोजायचे, शेपटीखालचे खवले मोजायचे, आकडे लिहायचे, की झालं वर्णन. आणि राहण्याचं ठिकाण? 'इंडीजमध्ये'. बस्स! गाव नाही, प्रांत नाही, नदी नाही. असा पत्ता लिहिलेलं पाकीट आमच्या आवक विभागात आलं असतं तर ते तसंच परत गेलं असतं. लिनियस स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. कोणी खलाशाने, कोणी व्यापाऱ्याने आणलेले नमुने आणि चित्रं यांवर त्या काळी असंच काम चाले.

पुढे फ्रान्समध्ये दोदँ नावाचा निसर्गवादी झाला. लहानपणी आजारात त्याचे पाय गेले होते. त्याने 1803 साली पायथन हे निराळं घराणं मांडलं, ग्रीक पुराणात अपोलोने मारलेल्या महासर्पाचं नाव देऊन. आपला अजगर तिकडे गेला आणि लिनियसच्या नावाला कंस पडला. मधल्या काळात जर्मनीच्या श्नायडरने 1801 साली याच अजगराला एकाच पुस्तकात वेगवेगळी अनेक नावं देऊन ठेवली होती. एका माणसाच्या नावाने पाच रेशनकार्डं निघावीत तसं! पण प्राणिशास्त्राचा कायदा सेवाज्येष्ठतेचा आहे. 1758 आधीचं काही धरायचं नाही आणि त्यानंतर ज्याची तारीख पहिली त्याचं नाव चालणार.

हे वाचताना माझ्या मनात जे आलं ते प्रांजळपणे लिहितो, कारण तुमच्याही मनात तेच आलं असेल. 1758 साली अजगराचा 'शोध' लागला? आणि आपण त्याआधी काय डोळे मिटून होतो? अज म्हणजे बकरा, त्याला गिळतो तो अजगर. नावातच त्याचा सगळा आहार सांगितलेला. महाभारताच्या वनपर्वात शापाने अजगर झालेला नहुष भीमाला विळखा घालतो आणि प्रश्नांची उत्तरं घेऊन युधिष्ठिराकडून सुटका करवून घेतो. आणि आपल्याकडे तर त्याला घरगुती नाव आहे: आर. अंत्रुज महालातल्या आमच्या गावात माझी आजी कुळागरात जाताना सांगायची, "पाटाकडेन वचूं नाका रे, आर आसता थंय." तिला लिनियस ठाऊक नव्हता आणि लिनियसला ती.

कोणी बाहेरून येऊन आपल्या वस्तूला नाव देऊन गेला की आपल्या पोटात दुखतं, आणि साडेचारशे वर्षं दुसऱ्याच्या दप्तरात नोंदले गेलेल्या गोवेकरांच्या तर फारच. हा लेख मी त्याच रागाने लिहायला बसलो होतो. पण वाचत गेलो तसा तो राग मावळला. का, ते सांगतो.

पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आंध्र किनाऱ्यावरचे साप जमवले आणि 1796 साली त्यांचा सचित्र ग्रंथ छापला. हा गृहस्थ लिनियसपेक्षा वेगळा. त्याने सापांची नावं तेलुगू लोकांना विचारून लिहिली. त्याच्या पुस्तकात आपला अजगर आहे तो 'पेद्द पोडा' म्हणून. म्हणजे इथे लोकांचं नाव आहे, ठिकाण आहे, चित्र आहे. पण लॅटिन दुहेरी नाव नाही, म्हणून शास्त्राच्या हिशेबात त्या नावांना किंमत नाही. ज्या विषारी सापाला आपण घोणस म्हणतो तोही रसेलने चित्रित केला. त्याला लॅटिन नाव दिलं दुसऱ्यांनी, तेही रसेलचंच. तेलुगू नाव मागेच राहिलं. अन्याय आहे, मान्य. पण रसेलने लिहून ठेवलं म्हणून सव्वादोनशे वर्षांनी मला ते तेलुगू नाव तरी कळलं. माझ्या आजीने सांगितलेली अशी किती नावं तिच्याबरोबर गेली? तिला जेवढे साप वेगळे ओळखता येत होते तेवढे मला येत नाहीत. आणि ते न लिहिण्याचा दोष मी कुठल्या गोऱ्याच्या माथी मारू?

नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. कचेरीचं नाव नको. एक म्हातारे गृहस्थ घराच्या जुन्या नोंदीचा दाखला मागायला आले. रेकॉर्डच्या खोलीत मी नोंदवही काढली तर निम्मी वाळवीने खाल्लेली, उरलेली दमटाने चिकटलेली. त्यांचं पान गेलेलं होतं. ते पुनःपुन्हा म्हणत होते, "अरे बाबा, मी तिथंच जन्मलो, सगळ्या वाड्याला विचार." खरंच सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. पण कागदाला ठाऊक नव्हतं. वर्षभर ते येत राहिले, मग यायचे थांबले. पुढे काय झालं ते विचारण्याचं धाडस मला झालं नाही. तेव्हापासून ओळखणं आणि नोंदणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

शास्त्रातही असंच. नवी जात मांडायची तर नुसतं "मी पाहिली" म्हणून भागत नाही. एक मूळ नमुना नेमून द्यावा लागतो आणि तो संग्रहालयात कायम ठेवावा लागतो. उद्या कोणालाही शंका आली तर त्याने येऊन तो मूळ नमुना तपासावा. कारकुनी भाषेत सांगायचं तर नाव म्हणजे खरी नक्कल आणि तो नमुना म्हणजे अस्सल.

आता एका दुर्मीळ अजगराची गोष्ट ऐका. तो आपल्याकडचा नाही, पण त्याचं दप्तर आणि आपलं दप्तर एकाच गावात होतं. आफ्रिकेतला अंगोला, म्हणजे आपल्यासारखीच पोर्तुगिजांची वसाहत. तिथे जुझे द आन्शिएता नावाचा माणूस 1866 पासून प्राणी जमवून लिस्बनला पाठवत होता. 1897 साली तिथेच तो वारला. त्याने पाठवलेल्या एका अजगराचं वर्णन लिस्बनच्या संग्रहालयात बसून बार्बोझा दु बोकाज याने 1887 साली केलं आणि नाव ठेवलं पायथन आन्शिएती. जेमतेम सहा फुटांचा हा साप, डोक्यावरचे खवले मण्यांसारखे. नैऋत्य अंगोला आणि नामिबियाचा उत्तर भाग, एवढ्याच खडकाळ प्रदेशात तो राहतो. अंगोलात 1975 ते 2002 पर्यंत यादवी युद्ध चाललं, त्यामुळे त्याला शोधायला कोणी फारसं जाऊच शकलं नाही. त्याच्या नावापुढे बोकाज, 1887 असं लिहितात, कंसाशिवाय. घराणं बदललेलं नाही ना!

हा बोकाज 1883 साली पोर्तुगालचा नौदल आणि वसाहतींचा मंत्री होता. म्हणजे आपल्या गोव्याचा कारभारही त्याच्याच टेबलावर. अठराव्या शतकाच्या शेवटी गोव्यात शिपाईगिरी करून गोवेकरांची टिंगल करणाऱ्या बोकाज कवीचा हा दूरचा नातलग. लिस्बनच्या संग्रहालयाला पुढे याच शास्त्रज्ञाचं नाव दिलं. आणि 1978 सालच्या मार्च महिन्यात त्या संग्रहालयाला आग लागली. बोकाजने वर्णन केलेल्या कितीतरी जातींचे अस्सल नमुने त्यात जळून गेले. छापलेली वर्णनं राहिली, नावं राहिली. शंका आली तर तपासायचं काय? राख?

ब्राझीलच्या साओ पाउलोतल्या बुतांतान संस्थेला 2010 साली आग लागली, तेव्हा सुमारे 70 ते 80 हजार सापांचा संग्रह गेला. 2018 साली रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. आणि आपलं? दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय 1978 सालीच सुरू झालं होतं, म्हणजे लिस्बनची आग लागली त्याच वर्षी. ते 26 एप्रिल 2016 रोजी जळालं. भोपाळात याच संग्रहालयाची प्रादेशिक शाखा आहे, 1997 साली सुरू झालेली. अरेरा कॉलनीतल्या त्या शाखेत परतीच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. शाळेची मुलं रांगेने हिंडत होती. आई गेलेल्या घरातली मुलगी घर नेटकं ठेवते, तसं मला ते वाटलं.

अस्सल जपलं तर काय होतं याचंही उदाहरण देतो, आपल्याच माणसाचं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना गुजरातेतल्या ढोली डुंगरीच्या खडकात डायनासोरची अंडी आणि काही हाडं सापडली. 1987 साली त्यांनी ती डायनासोरच्या पिल्लाची हाडं म्हणून प्रसिद्ध केली. 2001 साली अमेरिकेचे जेफ विल्सन यांनी तोच दगड पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं, की यात सापाचे मणकेही आहेत! घरट्याशी वेटोळं घालून बसलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा, 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा साप. 2010 साली 'सनाजेह इंडिकस' या नावाने तो जगापुढे आला आणि त्या लेखावर मोहबे यांचंही नाव आहे. आपली पूर्वीची समजूत दुरुस्त करायला ते स्वतःच पुढे झाले. दगड जपून ठेवला नसता तर ती चूक कायम राहिली असती. चूक सुधारण्याची सोय ठेवणं, मला वाटतं, हाच नोंद ठेवण्याचा खरा हेतू.

आणि 'आम्हाला सगळं आधीपासून ठाऊक होतं' हेही पूर्ण खरं नाही बरं का. मांडूळ आणि डुरक्या घोणस हे अजगराचे लांबचे भाऊबंद. आपल्या गोव्यापासून केरळपर्यंतच्या किनारपट्टीत त्यांच्यातलाच एक तिसरा साप राहतो. दोहोंची सरमिसळ झालेला असावा, असं समजून सोडून दिलेला. ती स्वतंत्र जात आहे हे इंद्रनील दास यांनी 1991 साली दाखवलं आणि रोम्युलस व्हिटेकर यांच्या नावावरून तिचं नाव एरिक्स व्हिटेकरी ठेवलं. म्हणजे मी शाळेत जात होतो तोवर आमच्या मळ्यातल्या सापाला स्वतःचं नाव नव्हतं! तसाच गोवा, दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला जमिनीखाली राहणारा एक खापरखवल्या साप. दुसऱ्याच जातीच्या नावाखाली तो वर्षानुवर्षं खपून गेला. वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्यांनी 2016 साली तो वेगळा काढला आणि पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचं नाव त्याला दिलं. आता नावं ठेवणारे आपलेच आहेत, आणि ज्यांचं नाव ठेवलं तेही आपले. मग रुसायचं कोणावर?

नावाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. अजगर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून त्याला मारणं गुन्हा ठरतं. ज्याला नाव नाही त्याला अनुसूचीत ओळ नाही. डोंगर कापायचा असतो, रस्ता रुंद करायचा असतो, तेव्हा अहवालात तिथल्या प्राण्यांची यादी जोडावी लागते. मी यादी करणाऱ्यांच्या जातीचा आहे, म्हणून सांगतो: यादीत नाही तो तिथे नव्हताच, असं धरून फाईल पुढे जाते. "आमच्या डोंगरावर आर आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे" हे त्या वेळी ओरडून उपयोग नसतो. वाळवीने खाल्लेल्या पानाच्या त्या म्हाताऱ्यांसारखी आपली गत होते.

गेल्या पावसात आमच्या वाड्यावर शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात आर शिरला. दोन कोंबड्या गिळून बाहेर पडता येईना, तिथेच अडकून बसला. पूर्वी दांडे निघाले असते. यावेळी फोन गेला आणि एक सर्पमित्र तरुण आला. त्याने सफाईने आर पोत्यात घेतला. जाताना वहीत लिहिलं: "अजगर 1, फोंडा." मी म्हटलं, "बाबा, वाड्याचं नाव लिही. झरीच्या वरच्या अंगाला, पहाटे साडेपाच, लांबी किती ते लिही. आणि आमच्याकडे आर म्हणतात, तेही लिही." तो म्हणाला, "काका, एवढं कोण वाचणार?" लिनियसचं 'इंडीजमध्ये' मला आठवलं आणि हसू आलं. पण पोरगा गुणी. त्याने खरंच टेप काढली. आठ फूट चार इंच.

किपलिंगने 1894 साली आपल्या गोष्टीत मध्य प्रदेशातल्याच सिवनीच्या रानात तीस फुटांचा 'का' रंगवला. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात भूपती यांच्यासारख्या अभ्यासकांनी साळिंदराच्या बिळांपाशी बसून खरे अजगर पाहिले, तेव्हा बारा फुटांच्या आसपासचा म्हणजे अगदी मोठा निघाला. 'का' जगप्रसिद्ध झाला, पण अजगराला उपयोग झाला तो टेप घेऊन बसलेल्यांचा.

त्या दिवसापासून मी एक दोनशे पानी वही केली आहे. तारीख, वाडा, काय दिसलं, कोणी पाहिलं, थोरली माणसं त्याला काय म्हणतात. आजवर सतरा नोंदी झाल्या आहेत. त्यांतल्या चार चुकीच्या आहेत असं त्या सर्पमित्राने दाखवलं. मी त्या खोडल्या नाहीत, नुसता कंस केला. वही कपाटात वरच्या खणात ठेवतो, डांबराच्या गोळ्या घालून. वाळवीचा भरवसा नाही.

तुमच्या गावात आराला आणखी काही नाव असेल तर लिहून ठेवा. गाव, वाडा आणि तारीख मात्र विसरू नका.